वारशाने येणारा धोका : कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि हृदय

"आमच्या घराण्यातच हा आजार आहे," असे उद्गार मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या बाबतीत अनेक कुटुंबांतून ऐकू येतात. त्यातील निरीक्षणाचा भाग खरा असतो. एकाच घरातील वडील, काका आणि थोरला भाऊ यांना ऐन उमेदीच्या वयात हृदयविकाराचा झटका यावा, हा पुष्कळदा केवळ योगायोग नसतो. परंतु या उद्गारापाठोपाठ "मग आता कोण काय करणार ?" असा जो हताश प्रश्न येतो, त्याला मात्र विज्ञानाचा आधार नाही. गेल्या पन्नास वर्षांतील आनुवंशिकीच्या संशोधनाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. एक, रोगाचा वारसा सर्वत्र सारख्या स्वरूपाचा नसतो. दुसरी, वारसा वेळेवर ओळखला तर त्याचे दुष्परिणाम बऱ्याच अंशी टाळता येतात.

आपल्या देशाच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यासंबंधी ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याच पाहणीतील दक्षिण आशियाविषयीची माहिती २००७ साली स्वतंत्रपणे मांडण्यात आली. भारत आणि शेजारच्या देशांतील रुग्णांना पहिला झटका आला तेव्हा त्यांचे सरासरी वय सुमारे ५३ वर्षे होते. इतर देशांतील रुग्णांचे सुमारे ५९ वर्षे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कुटुंबाचा कर्ता माणूस पन्नाशीच्या आसपास अंथरुणाला खिळला, तर त्याची झळ मुलांच्या शिक्षणापासून शेतीच्या हंगामापर्यंत सर्वत्र पोहोचते.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय ?

कोलेस्टेरॉल हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे आणि तो बहुधा भीतीनेच उच्चारला जातो. वस्तुतः कोलेस्टेरॉल हा शरीराला आवश्यक असलेला मेदासारखा पदार्थ होय. पेशींची आवरणे, पित्तरसातील आम्ले आणि अनेक संप्रेरके यांच्या घडणीसाठी तो लागतो. त्याचा बराचसा भाग शरीर स्वतःच तयार करते. काही भाग प्राणिज आहारातून येतो.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे रक्तातून त्याची ने-आण करण्यासाठी प्रथिने आणि मेद यांचे मिळून बनलेले सूक्ष्म कण असतात. त्यांपैकी कमी घनतेच्या कणांना एलडीएल असे नाव आहे. हे कण रक्तात प्रमाणाबाहेर साचले की रोहिण्यांच्या अस्तरात शिरतात, तेथे थर धरतात आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या हळूहळू अरुंद करतात. अशा थराला एखाद्या दिवशी चीर पडते, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि झटका येतो. येथे एक मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. धोका केवळ एलडीएल किती वाढले यावर नव्हे, तर ते किती वर्षे वाढलेले राहिले यावरही अवलंबून असतो. जन्मापासून वाढलेले एलडीएल म्हणूनच विशेष घातक ठरते.

एका दाराचा शोध

काही कुटुंबांत कोलेस्टेरॉलचे आधिक्य पिढ्यान्‌पिढ्या आढळते, ही गोष्ट नॉर्वेतील वैद्य कार्ल म्यूलर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नोंदविली. या कुटुंबांतील माणसांच्या पायांच्या टाचांमागील आणि हातांच्या बोटांवरील स्नायुबंधांत पिवळसर गाठी दिसत आणि त्यांना अकाली हृदयविकार होई. पुढे १९६४ साली लेबनॉनमधील डॉ. अवेदिस खाचादूरियन यांनी नात्यातल्या नात्यात विवाह होणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून या विकाराचे दोन प्रकार वेगळे केले. दोषयुक्त जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आले तर विकार मध्यम स्वरूपाचा असतो. दोघांकडूनही आले तर तो अत्यंत तीव्र होतो.

हा दोष नेमका कोठे असतो, याचा उलगडा अमेरिकेतील डलास येथे डॉ. मायकेल ब्राऊन आणि डॉ. जोसेफ गोल्डस्टाईन यांनी केला. त्यांनी निरोगी माणसांच्या आणि तीव्र विकार असलेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. निरोगी पेशींना एलडीएल पुरविले की त्या स्वतः कोलेस्टेरॉल बनविणे थांबवीत. रुग्णांच्या पेशी मात्र एलडीएल भरपूर असतानाही कोलेस्टेरॉल बनवीतच राहत. त्यानंतर या शास्त्रज्ञांनी कोलेस्टेरॉल एलडीएलच्या कणांविना, अल्कोहोलमध्ये विरघळवून रुग्णांच्या पेशींना दिले. तेव्हा त्या पेशींनीही आपले उत्पादन थांबविले. याचा अर्थ उघड होता. पेशीच्या आतील नियंत्रण शाबूत होते. बिघाड होता तो एलडीएल आत घेण्याच्या दारात.

हे दार म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राही प्रथिन होय. ते एलडीएलचा कण पकडते, आत नेते आणि पुन्हा पृष्ठभागावर येऊन दुसऱ्या कणाची वाट पाहते. यकृताच्या पेशींवर अशी दारे मोठ्या संख्येने असतात आणि रक्तातील एलडीएल उपसून काढण्याचे मुख्य काम यकृतच करते. या प्रथिनाची कृती ज्या जनुकात साठविलेली असते, ते १९ व्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. १९७३–७४ मध्ये लागलेल्या या शोधाबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टाईन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

एक प्रत आणि दोन प्रती

प्रत्येक माणसाला बहुतेक सर्व जनुकांच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ग्राही प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत सदोष असेल तर दारांची संख्या सुमारे निम्मी होते आणि रक्तातील एलडीएल जवळजवळ दुप्पट राहते. हा प्रकार पूर्वी पाचशे माणसांत एकाला असतो असे मानले जाई. नंतरच्या पाहण्यांवरून हे प्रमाण सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांत एक असे दिसते. म्हणजे हा विकार दुर्मिळ म्हणता येणार नाही. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार जडतो आणि स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीपर्यंत. तरीही यांतील बहुसंख्य माणसे वरकरणी सुदृढ असतात. ती स्थूल नसतात, दमत नाहीत, त्यांना काही दुखत नाही. झटका हेच त्यांच्या आजाराचे पहिले लक्षण ठरते.

दोन्ही प्रती सदोष असल्या तर परिस्थिती फार गंभीर होते. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व टाचांवर लहानपणीच पिवळसर गाठी उमटतात आणि हृदयविकार बालवयात किंवा किशोरवयात गाठू शकतो. हा तीव्र प्रकार लाखो माणसांत एखाद्यालाच होतो. परंतु मामेभाऊ-आतेबहीण किंवा आतेभाऊ-मामेबहीण यांच्यासारख्या जवळच्या नात्यातील विवाहांत दोघांकडेही तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातील काही समाजांत असे विवाह परंपरेने होत आले आहेत. ज्या घराण्यात अकाली हृदयविकाराची उदाहरणे आहेत, तेथे नात्यातील विवाह ठरविताना ही गोष्ट विचारात घेणे हिताचे आहे.

विकाराचा वारसा ठरण्याचे गणित साधे आहे. एका पालकाकडे एक सदोष प्रत असेल, तर त्याच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नसतो. म्हणूनच एका रुग्णाचे निदान झाले की त्याची भावंडे व मुले यांपैकी सुमारे निम्म्यांना तोच धोका असू शकतो, हे गृहीत धरून तपासणी करणे आवश्यक होय.

बुरशीतून औषध

ज्या वर्षांत डलास येथे दाराचा शोध चालू होता, त्याच सुमारास जपानमध्ये डॉ. अकिरा एंडो वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नाकडे येत होते. शरीरातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन रोखणारा पदार्थ एखाद्या बुरशीत सापडेल, अशी त्यांची कल्पना होती. टोकियोतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार बुरशींची तपासणी केली. अखेर १९७३ साली तांदळाच्या नमुन्यावर वाढलेल्या एका निळसर बुरशीत हवा तो पदार्थ मिळाला. स्टॅटिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औषधांपैकी तो पहिला होय. १९७८ साली ओसाका येथील डॉ. अकिरा यामामोटो यांनी तो तीव्र आनुवंशिक विकाराच्या रुग्णाला दिला. त्याच वर्गातील दुसऱ्या एका पदार्थाला १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

या औषधांचे कार्य दाराच्या शोधामुळेच नीट समजले. स्टॅटिनमुळे यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन मंदावते. तेव्हा यकृताच्या पेशी आपली गरज भागविण्यासाठी पृष्ठभागावर अधिक दारे उभारतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात. एक प्रत निरोगी असलेल्या माणसाला या औषधाचा चांगला उपयोग होतो, कारण त्याच्या निरोगी प्रतीकडून अधिक काम करून घेता येते. दोन्ही प्रती निकामी असलेल्यांना मात्र त्याचा लाभ फारच थोडा मिळतो आणि त्यांच्यासाठी अन्य उपचार योजावे लागतात. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. सुमारे साडेपाच वर्षांच्या काळात स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. कोलेस्टेरॉल उतरविल्याने प्राण वाचतात की नाही, हा दीर्घकाळ चाललेला वाद या चाचणीने बहुतांशी मिटविला.

अपाय करणारे आणि संरक्षण करणारे दोष

जनुकातील दोष नेहमी घातकच असतो असे नाही, ही बाब एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली. २००३ साली फ्रान्समधील डॉ. कॅथरीन ब्वालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही फ्रेंच कुटुंबांत कोलेस्टेरॉल वाढविणारे आणखी एक जनुक शोधले. पीसीएसके-९ या नावाचे हे जनुक जे प्रथिन बनविते, ते यकृतावरील एलडीएलच्या दारांचा नाश घडवून आणते. या कुटुंबांत ते प्रथिन गरजेपेक्षा अधिक कार्यक्षम झाले होते.

डलास येथील डॉ. हेलेन हॉब्ज आणि डॉ. जोनाथन कोहेन यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. एखाद्या माणसात हे जनुक बंद पडले असेल तर काय होईल ? त्यांनी सामान्य नागरिकांच्या रक्ततपासणीत एलडीएल फार कमी असलेली माणसे निवडली. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे दोन टक्क्यांत हे जनुक निकामी असल्याचे २००५ साली दिसून आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निरीक्षणात अशा माणसांचे एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होते; परंतु हृदयविकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी होते. जन्मापासून थोडेसे कमी असलेले एलडीएल आयुष्यभरात किती मोठे संरक्षण देते, याचा हा बोलका पुरावा होय.

या प्रथिनाला अडविणारी प्रतिपिंडे २०१५ साली औषध म्हणून वापरात आली. त्यानंतर सहा-सहा महिन्यांनी टोचावयाचे, प्रथिनाची निर्मितीच रोखणारे औषधही उपलब्ध झाले. ही औषधे महाग आहेत. बहुसंख्य रुग्णांसाठी स्टॅटिनच्या गोळ्या हाच आजही उपचारांचा पाया आहे.

मधुमेहाचा वारसा वेगळा

कोलेस्टेरॉलच्या या विकारात एकच जनुक निर्णायक ठरते. सर्वसामान्य मधुमेहाची गोष्ट तशी नाही. एखाद्या बिघडलेल्या दाराऐवजी येथे शेकडो लहान लहान कारणे एकत्र येतात. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांनी मधुमेहाशी निगडित असे एक महत्त्वाचे जनुक शोधले. त्याच्या विशिष्ट रूपाची एक प्रत असणाऱ्यांना मधुमेहाचा धोका सुमारे दीडपट आणि दोन प्रती असणाऱ्यांना दुपटीहून अधिक असतो. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने भारतीयांतही या जनुकाचा मधुमेहाशी संबंध असल्याचे दाखविले. पुढे २०२४ साली, सुमारे २५ लाख माणसांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात, मधुमेहाशी संबंध असलेली ६११ स्थाने जनुकसंचात निश्चित करण्यात आली. यांपैकी बहुतेक स्थानांचा परिणाम स्वतंत्रपणे पाहता अगदी किरकोळ असतो.

मधुमेहाचे काही विरळ प्रकार मात्र एकाच जनुकामुळे होतात आणि त्यांत अचूक निदानाने रुग्णाचे जीवन बदलू शकते. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या बालकांना पूर्वी जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. इंग्लंडमधील डॉ. अँड्र्यू हॅटर्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखविले की, यांपैकी अनेकांत इन्सुलिन तयार होते, पण एका जनुकातील दोषामुळे ते पेशीबाहेर सोडले जात नाही. स्वस्त आणि जुन्या अशा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या हा अडथळा दूर करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन बंद करता आले. सहा महिन्यांच्या आतील बालकाला मधुमेह झाल्यास जनुकीय तपासणीचा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने.

पुण्याजवळची सहा गावे

केवळ जनुकांच्या आधारे भारतातील मधुमेहाचे प्रमाण समजावून देता येत नाही. अवघ्या दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत; मधुमेह मात्र अनेक पटींनी वाढला. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली असे सुचविले होते की, दुष्काळात तग धरण्यासाठी उपयुक्त ठरलेली जनुके सुबत्तेच्या काळात मधुमेहाला कारण होत असावीत. या कल्पनेने विचाराला चालना दिली, पण जनुकांच्या प्रत्यक्ष शोधात तिला ठाम आधार मिळाला नाही.

या कोड्याची एक बाजू पुणे जिल्ह्यातील संशोधनाने उजेडात आणली. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आहार, श्रम आणि त्यांची बाळे यांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. येथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. परंतु वजन कमी असूनही या बाळांच्या कातडीखालील मेद त्या प्रमाणात घटलेला नव्हता. स्नायू आणि पोटातील अवयव लहान, मेद मात्र टिकून, अशी ही शरीररचना होती. दिसण्यात कृश आणि आतून मेदयुक्त असे हे बाळ पुढे इन्सुलिनला कमी दाद देण्याची शक्यता अधिक असते.

हाच फरक प्रौढांतही दिसतो. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपले दोघांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंची आणि वजन यांवरून काढलेला दोघांचाही निर्देशांक २२.३ असा एकच होता. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. काट्यावर वजन योग्य आहे म्हणून निर्धास्त राहणे भारतीयांना परवडणारे नाही, हे या एका छायाचित्राने पटवून दिले.

सहा गावांतील मुलांचा अभ्यास पुढेही चालू राहिला. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर याच मुलामुलींना किशोरवयात ब-१२ देऊन पुढील पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. माणसाला आईवडिलांकडून जनुके मिळतात. त्याचबरोबर आईच्या पोषणाचा ठसाही मिळतो. जनुके बदलता येत नाहीत. मुलींचा आणि गर्भवती स्त्रियांचा आहार मात्र सुधारता येतो.

वारसा आणि आचरण

जनुकांमुळे धोका अधिक असलेल्या माणसाला आहार-व्यायामाचा उपयोग होतो काय, या प्रश्नाचे उत्तर आता आकड्यांनिशी देता येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ हजारांहून अधिक माणसांच्या जनुकीय धोक्याची आणि राहणीची तुलना करण्यात आली. ज्यांचा जनुकीय धोका सर्वाधिक होता, त्यांच्यातही धूम्रपान न करणाऱ्या, वजन आटोक्यात ठेवणाऱ्या, नियमित व्यायाम आणि योग्य आहार घेणाऱ्या माणसांत हृदयविकाराचे प्रमाण प्रतिकूल राहणी असलेल्यांपेक्षा जवळजवळ निम्मे होते.

मधुमेहाच्या बाबतीतही असेच दिसले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत आहार, व्यायाम आणि वजनातील घट यांमुळे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, असे २००२ साली जाहीर झाले. ज्यांच्याकडे वर उल्लेखिलेल्या जनुकाच्या दोन्ही धोकादायक प्रती होत्या, त्यांनाही या बदलाचा लाभ झाला. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या ५३१ भारतीयांवरील चाचणीत, २००६ साली, राहणीतील बदलांमुळे मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अर्थात, कोलेस्टेरॉलच्या एकजनुकीय विकारात केवळ पथ्याने भागत नाही. तेथे औषध आवश्यकच असते. तूप सोडले, चालायला लागलो, आता गोळी कशाला, हा विचार अशा रुग्णाला महागात पडू शकतो.

एका रुग्णापासून कुटुंबापर्यंत

या संशोधनाचा सर्वांत मोठा लाभ उपचारांपेक्षाही शोधमोहिमेत आहे. नेदरलँड्समध्ये १९९४ पासून एका रुग्णाचे निदान झाले की त्याच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचून त्यांची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला. स्लोव्हेनियात १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांचे कोलेस्टेरॉल तपासले जाऊ लागले.

अशी लवकर सुरुवात किती फलदायी ठरते, हे डच संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले. आनुवंशिक कोलेस्टेरॉलाधिक्य असलेल्या २१४ मुलांना त्यांनी बालपणी स्टॅटिन सुरू केले आणि वीस वर्षे त्यांचा मागोवा घेतला. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत या मुलांपैकी केवळ एक टक्क्याला हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा गंभीर विकार झाला आणि त्यामुळे कोणीही दगावले नाही. त्यांच्याच विकारग्रस्त पालकांत, ज्यांच्या बालपणी हे औषध नव्हते, त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना असा विकार झाला होता आणि सात टक्के दगावले होते. जनुक तेच, घराणेही तेच. पण एका पिढीचे प्राक्तन दुसऱ्या पिढीच्या वाट्याला आले नाही.

आपल्याकडे काय करता येईल ?

या कामासाठी प्रत्येकाची महागडी जनुकीय तपासणी करण्याची आवश्यकता नाही. पहिले साधन प्रत्येक कुटुंबाकडे आधीच आहे, आणि ते म्हणजे घरातील आजारांची माहिती. पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो अकाली समजला जातो. अशा व्यक्तीच्या मुलांनी व भावंडांनी रक्तातील मेदाची तपासणी करून घेतली पाहिजे. दर १०० मिलिलिटर रक्तात एलडीएलचे प्रमाण प्रौढांत १९० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आणि मुलांत १६० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळले, तर आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी. थायरॉइडचे आणि मूत्रपिंडाचे काही आजारही एलडीएल वाढवितात. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच निश्चित करून घ्यावे. टाचेमागील शिरेवरील जाडसर गाठ किंवा पंचेचाळिशीच्या आत डोळ्यातील बुबुळाभोवती उमटलेले पांढुरके वलय याही सूचक खुणा आहेत.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत वयाच्या अठराव्या वर्षी, आणि कुटुंबात अकाली हृदयविकार असल्यास त्याआधीही, मेदाची पहिली तपासणी करावी असे सुचविले आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, उच्च रक्तदाब आणि काही प्रकारचे कर्करोग यांसाठी तपासणी केली जाते. त्या वेळी आशा स्वयंसेविका जो तक्ता भरते, त्यात आईवडील किंवा भावंडे यांपैकी कोणाला उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयरोग आहे काय, असा प्रश्न असतो. पुष्कळदा त्याला घाईने "नाही" असे उत्तर दिले जाते. सासरी आलेल्या सुनेला माहेरच्या आजारांची कल्पना असते, पण ते सांगण्याचा संकोच वाटतो. कोणी "छातीत कळ येऊन गेले" एवढेच आठवते. वय आठवत नाही. हा एक प्रश्न विचारपूर्वक ऐकला आणि खरेपणाने उत्तर दिले, तर त्यातून निम्मे निदान होते. कोलेस्टेरॉलची तपासणी मात्र वेगळी करून घ्यावी लागते, हे लक्षात ठेवावे.

आनुवंशिकीचे आजवरचे बहुतांश संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. त्यातून काढलेले धोक्याचे आडाखे भारतीयांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० साली हाती घेतलेल्या भारतीय जनुकसंच प्रकल्पात देशाच्या विविध समाजांतील दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. येत्या काळात भारतीयांसाठी अधिक अचूक आडाखे त्यातून बांधता येतील.

तोपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. रक्ताची एक साधी तपासणी, वेळेवर सुरू केलेली गोळी, तंबाखूपासून दूर राहण्याचा निश्चय आणि घरातील मुलींच्या ताटाकडे दिलेले लक्ष, ही साधने आज हाताशी आहेत. जो आजार घराण्यात आहे असे सांगितले जाते, त्याची माहिती पुढच्या पिढीला देणे हे आता कुटुंबाचे कर्तव्य ठरते. जमिनीचे आणि घराचे कागद जसे जपून ठेवले जातात, तशी कोणाला कोणता आजार, कोणत्या वयात झाला याची एक नोंद प्रत्येक घरात असावी. तिच्यातील एखादी ओळ एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे आयुष्य वाचवू शकेल.